तात्यांच्या सायकलीचा मागचा दिवा

पत्र: आमचं गाव सांगली-आष्टा रस्त्यालगत आहे. घरचा तीन एकर ऊस आहे. कारखाने सुरू झाले की माझे मालक ऊस वाहतुकीला ट्रॅक्टरवर असतात, रात्र रात्र घरी नसतात. त्यामुळं शेतीची लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात मोटर चालू करायला आणि उसाला पाणी पाजायला, दारं धरायला सासरे जातात. त्यांना आम्ही तात्या म्हणतो, वय ६७. मी थर्मासमध्ये चहा भरून देते, ते दहाच्या सुमाराला सायकल काढतात. दीड-दोन किलोमीटर डांबरी रस्ता, मग पाणंद. सायकलीला पुढं दिवा नाही, मागं नाही. हातबॅटरी आहे, पण सेल संपतात म्हणून ती मळ्यात गेल्यावरच लावतात. मालकांनी चार्जिंगचा दिवा आणून दिला, तो पडवीत खिळ्याला लटकतोय. विचारलं की म्हणतात, "रस्ता मला पाठ आहे. गाडी आली की लांबनं उजेड दिसतो, मी कडंला होतो. धोतर पांढरं आहे, दिसतंय लोकांना. आणि दिवा लावला की चोराला कळतं म्हातारा एकटा निघालाय." मालक चिडून सोडून देतात, म्हणतात मागनं ठोकणाऱ्याचीच चूक असते. सुनेनं सासऱ्याला किती सांगायचं? ते परत येईपर्यंत माझा डोळा लागत नाही. – एक सून

ताई,

तात्यांची कारणं बरीचशी खरी आहेत, म्हणून ती खोडायला अवघड जातात. जन्मभर एकाच रस्त्यानं मळ्यात जाणाऱ्याला तो रस्ता पाठ असतोच. डांबर कुठं उखडलंय, कुठल्या वस्तीवरचं कुत्रं अंगावर येतं, पाणंदीत चिखल कुठं राहतो, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तेव्हा "तुम्हाला आता अंधारात दिसत नाही" अशा सुरात घरात कुणी बोलत असेल तर ते आधी थांबवा. ज्याला दिसतंय त्याला दिसत नाही म्हणलं की तो दिवा कधीच लावणार नाही.

गडबड आहे ती "लांबनं उजेड दिसतो" या वाक्यात. गाडी तात्यांना पाव-अर्ध्या किलोमीटरवरून दिसते, कारण तिला दिवा आहे. रस्ताभर तिचा झोत पसरलेला, आपण त्या झोतात उभे, मग आपण त्या माणसाला दिसत नसू असं मनाला पटतच नाही. सायकलवाल्यांची ही फसगत सगळीकडं सारखी आहे. आपण चालकाला किती अंतरावरून दिसतो याचा अंदाज त्यांना विचारला, तर ते खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा आकडा सांगतात. यात वयाचा संबंध नाही. कॉलेजात जाणारी पोरंही तशीच फसतात. सांगलीत विश्रामबागकडून संध्याकाळी क्लास सुटल्यावर निघणाऱ्या सायकली बघा, किती जणींना मागं दिवा असतो.

तात्या आयुष्यभर उसाच्या वजनाचा नि उचलीचा हिशोब करत आलेत, त्यांच्यापुढं आकडेच ठेवा. मागून येणारी मोटरसायकल ताशी ६० किलोमीटरनं चालली असेल तर ती सेकंदाला साडेसोळा मीटर कापते. समोरून वाहनं येत असली की दिवा डिपरवर असतो, आणि डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस साधारण पंचवीस-तीस मीटरवर आल्याशिवाय ओळखू येत नाही. तात्या त्याच दिशेनं ताशी १२ किलोमीटरनं चाललेत असं धरा. म्हणजे दोघांमधलं अंतर सेकंदाला तेरा मीटरनं मिटतंय. तीस मीटर मिटायला सव्वादोन सेकंद. त्यातले दीड ते दोन सेकंद "पुढं काय आहे?" हे उमगून हातपाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात. खऱ्या अर्थानं ब्रेक लागायला उरतो तो पाव-अर्धा सेकंद. गाडीवाला प्यालेला नसला, मोबाइलवर नसला, रस्ता कोरडा असला, तरीही हिशोब एवढाच. आता तोच हिशोब मागच्या लाल दिव्यानिशी करा. साधा दिवासुद्धा सरळ रस्त्यावर दोनशे मीटरवरून सहज दिसतो. दोनशे मीटर म्हणजे पंधरा सेकंद. एवढ्या वेळात माणूस वेग कमी करतो, हॉर्न देतो, लांबून बाजू काढून जातो, आणि ओळखीचा असला तर "तात्या, पाणी का?" म्हणून हाकसुद्धा मारतो.

यात समोरून अप्पर मारत येणारी गाडी आणखी भर घालते. तिच्या झोतानं मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि ती गेल्यावर नजर परत बसायला काही सेकंद जातात. नेमके त्याच सेकंदांत तो तात्यांच्या जवळ आलेला असतो. पौर्णिमेचं चांदणं असलं तरी त्याला काही फरक पडत नाही. तात्यांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात, पायी चालणाऱ्याला चांदण्यात शिवार दिसतं. गाडीवाल्याचे डोळे स्वतःच्या दिव्याला सरावलेले, त्याला झोताबाहेरचं सगळं काळंच.

धोतराचं म्हणाल तर पांढरं काळ्यापेक्षा बरं, एवढंच. थंडीत तात्या घोंगडं पांघरत असतील, कानटोपी घालत असतील, मग पांढरं उरलं किती? ऑस्ट्रेलियात यावर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ साली छापून आले. रात्री, बंद ठेवलेल्या रस्त्यावर चालकांना गाडी चालवायला लावली आणि कडेचा सायकलवाला त्यांना ओळखता येतो का ते पाहिलं. काळ्या कपड्यातला सायकलवाला शंभरात दोघांनाच ओळखता आला. दिवसा डोळ्यात भरणारं ते पोपटी फ्लुरोसंट जाकीट घातलं तर शंभरात पंधरा जणांना. ते कापड उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतं, रात्री ऊन कुठून आणणार! जाकिटाला चकाकणाऱ्या पट्ट्या असल्या तर पन्नास जणांना. आणि त्याच जाकिटाच्या जोडीला घोट्याला नि गुडघ्याला पट्ट्या बांधल्या तर नव्वद जणांना. असं का? पाय वरखाली हलतात. नुसती चकाकी दिसली तर तो किलोमीटरचा दगड असेल नाहीतर रस्त्याकडेचा खांब. वरखाली हलणारी चकाकी दिसली की डोळ्याला लगेच कळतं, माणूस पायडल मारतोय.

म्हणून दिव्याच्या आधी स्वस्तातलं काम सांगतो. नंबरप्लेट करणाऱ्याकडून रेडियमची पट्टी आणा. पायडलच्या पुढच्या-मागच्या कडांना, क्रँकच्या दांडीला, मागच्या मडगार्डाच्या टोकाला आणि पुढच्या चिमट्याच्या दोन्ही बाजूंना लावा. चाकांच्या तारांवरही बसवता येते, म्हणजे आडव्या रस्त्यानं येणाऱ्याला चाक फिरताना दिसेल. मागं लाल, पुढं पांढरी, बाजूला पिवळी. उलटं करू नका, लांबून बघणाऱ्याला सायकल येतेय का जातेय हे रंगावरूनच कळतं. लावायच्या आधी ग्रीस आणि चिखल रॉकेलनं किंवा पेट्रोलनं पुसून कोरडं करून घ्या, नाहीतर चार दिवसांत निघून येईल. धोतराच्या घोळात पट्टी टिकणार नाही. पायताणाच्या टाचेला लावून बघा, पण मळ्यातल्या चिखलात तिचं आयुष्य थोडं, पायडलवरची जास्त दिवस चालेल. नव्या सायकलींना रिफ्लेक्टर सक्तीचे करणारा केंद्राचा आदेश २०२० सालचा आहे. तात्यांची सायकल त्याच्या कितीतरी आधीची असणार, तिचा मूळचा लाल काच-बिल्ला असला तरी आता धुळीनं आंधळा झाला असेल. ओल्या फडक्यानं पुसून बघा, पुष्कळदा तेवढ्यानंही तो जागा होतो.

पण रेडियम स्वतःहून उजळत नाही. ज्याचा दिवा त्यावर पडतो त्यालाच, आणि त्याच दिशेला, ते उजेड परत पाठवतं. पाणंदीतून तात्या डांबरीवर चढतात तेव्हा येणाऱ्या गाडीचा झोत सरळ पुढं असतो, आडव्या सायकलीच्या पट्टीवर तो पडेपर्यंत उशीर झालेला असतो. २०१७ च्या एप्रिलपासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम चालूच राहतो, त्यामुळं परिस्थिती थोडी सुधारली. पण आपल्याकडं एकाच दिव्यावर चालणारे टेंपो आणि दिवाच गेलेल्या जुन्या मोटरसायकली काही कमी नाहीत. त्यांच्यासमोर रेडियमचा फारसा उपयोग होत नाही. दिवा पाहिजेच.

आता तो खिळ्याला लटकलेला दिवा. तो तात्यांसाठी चुकीचा आहे असं माझं मत आहे. रबरानं अडकवायचा, काढायचा, वायर शोधून चार्जिंगला लावायचा, बारीक बटण तीनदा दाबलं की लुकलुकतो, चौथ्यांदा बंद होतो. ही सगळी कटकट तरुणांची. सांगलीत पहाटे हौसेनं सायकलिंग करणाऱ्यांना ती जमते. रात्री दहाला घोंगडं सावरत निघालेल्या शेतकऱ्याला जमणार नाही, आणि न जमणं कबूल करण्यापेक्षा तो "चोराला कळतं" म्हणेल. तात्यांचा दिवा सायकलीचाच एक भाग असला पाहिजे, घंटी किंवा स्टँडसारखा. बोल्टनं बसवलेला, काढायचा प्रश्नच नको. पेन्सिल सेलवर चालणारा, एकच मोठं बटण असलेला मागचा लाल दिवा सायकलच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांपर्यंत मिळतो. रोज अर्धा तास वापरला तर सेल महिना-दोन महिने जातात.

तो बसवायचा कुठं, यावर मिस्तरीशी जरा डोकं लावा. सीटखाली नको. परत येताना तात्या कॅरिअरला वैरणीचा भारा बांधून आणत असतील, नाहीतर खताचं रिकामं पोतं तरी टाकत असतील. सीटखालचा दिवा त्यामागं गडप होतो. कॅरिअरच्या मागच्या आडव्या पट्टीच्या खाली किंवा मडगार्डाच्या खालच्या निम्म्या भागावर बसवा. भारा लोंबला तरी तो उघडा राहील, आणि डिपरचा झोतही तेवढ्याच उंचीवर पडत असल्यानं गाडीवाल्याची नजर तिथंच असते. लुकलुकता ठेवायचा की स्थिर? लुकलुकणारा लवकर लक्ष वेधतो, पण अंधाऱ्या रस्त्यावर तो नेमका किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. जर्मनीत तर सायकलीला लुकलुकता दिवा लावायला कायद्यानंच मनाई आहे. तुमच्या रस्त्यावर स्थिरच ठेवा.

तात्यांना सेलचं वावडं असेल तर डायनामोचं विचारून बघा. त्यांच्या तरुणपणी टायरला घासून फिरणारा तो बाटलीसारखा डायनामो होता, ६ व्होल्ट, ३ वॅटचा. शहरात विनादिव्याची सायकल पोलीस अडवायचे, चाकातली हवा सोडून द्यायचे, हे त्यांनाही आठवत असेल. तो विषय काढलात तर गप्पा रंगतील, आणि "दिवा लावणं म्हणजे म्हातारपण" हे डोक्यातून जाईल. फक्त साध्या डायनामोची खोड अशी की सायकल थांबली की दिवा विझतो. डांबरी ओलांडायला तात्या कडेला उभे राहतील तेव्हा मागं अंधारच. म्हणून डायनामो घेतलात तरी मागचा सेलचा दिवा ठेवाच.

पुढच्या दिव्यासाठी वेगळा खर्च करू नका. त्यांची हातबॅटरीच हँडलला बांधायची एक क्लिप मिळते, ती नसली तर जुन्या ट्यूबचा तुकडा पुरतो. तोंड खाली, आठ-दहा मीटरवर उजेड पडेल असं वाकवा. हल्लीच्या चार्जिंगच्या बॅटऱ्या इतक्या प्रखर असतात की सरळ धरली तर समोरच्याचेच डोळे दिपवतील. पुढचा दिवा बिनकामाचा आहे असं समजू नका. आपल्या भागात हंगामात रस्ता रोज बदलतो. ट्रॉलीतून पडलेली उसाची मोळी असते. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन रस्त्यातच उभा असतो, मागं ना दिवा ना काही, आणि दोन्ही अंगांना ऊस हात-हातभर बाहेर आलेला. ड्रायव्हर खबरदारी म्हणून चार मोठे दगड मांडतो. पंक्चर काढून ट्रॅक्टर निघून जातो, दगड तिथंच. या दगडांनी किती सायकली आणि मोटरसायकली पाडल्या असतील त्याची गणतीच नाही. रस्ता पाठ असण्याचा इथं उपयोग काय? ते दगड काल तिथं नव्हते.

"कडंला होतो" याबद्दलही दोन शब्द. समोरून झोत आला की अगदी कडेला सरकायची सवय चांगली वाटते, पण डांबराच्या टोकाला साइडपट्टी खचलेली असते. चाक तिथं उतरलं की माणूस रस्त्यावरच पडतो, आणि पडतो तो गाडीच्याच बाजूला. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालवावं. डोळे दिपले तर झोताकडं न बघता डाव्या कडेकडं बघावं, आणि उसाच्या ट्रॅक्टरची रांग येत असेल तर सरळ उतरून मातीत उभं राहावं. गाड्या समोरून दिसाव्यात म्हणून काही जण उजव्या बाजूनं सायकल चालवतात. चालणाऱ्याला ते ठीक, सायकलीला नाही. डावीकडून जाताना मागच्या गाडीच्या वेगातून तुमचा वेग वजा होतो. उजवीकडून जाताना त्यात मिळतो. वरच्याच हिशोबात ४८ च्या जागी ७२ येतात.

हे सगळं तात्यांना तुम्ही सांगायचं नाही. कुणीच सांगायचं नाही, दाखवायचं. मालक घरी असतील अशा एका रात्री त्यांना एवढं करायला लावा. पाणंदीत, जिथं रहदारी नाही अशा जागी, सायकल स्टँडवर उभी करायची आणि तिच्यावर तात्यांचंच घोंगडं टाकायचं. मोठ्या रस्त्यावर हा खेळ अजिबात करायचा नाही. मग तात्यांना मोटरसायकलवर मागं बसवून लांबून, डिपरवर, सावकाश यायचं. सायकल दिसली की खांद्यावर थाप मारा, एवढंच त्यांना सांगायचं. थाप पडेल तिथं दगड ठेवायचा. मग सायकलीवर मागचा दिवा लावून पुन्हा तेच. दोन दगडांमधलं अंतर तात्या स्वतः पावलांनी मोजतील, सांगावं लागणार नाही. पहिला दगड सायकलीपासून कासराभरावर असेल. आणि मालकांनी तिथंच एक गोष्ट बोलून ठेवावी: "तात्या, सायकल कुठं उभी आहे हे तुम्हाला माहीत होतं. गाडीवाल्याला ते माहीत नसतं." एवढं पुरे, पुढं बोलू नये. कबुली मागायला गेलात तर खेळ बिघडेल.

चोराच्या शंकेवर मात्र मी हसणार नाही. मोटारीची केबल, स्टार्टर, फ्युजा चोरीला जातात, रात्री एकट्या माणसाला भीती वाटणं साहजिक आहे. त्याला तोडगा सोपा आहे. डांबरीवर दिवा लावायचा, पाणंदीत वळून थोडं आत गेलं की बंद करायचा. गाड्यांचा धोका मोठ्या रस्त्यावर, चोराचा मळ्यात. दोन्हींची जागा वेगळी आहे. असं सांगितलंत तर त्यांचा मुद्दा तुम्ही मानलात असं होईल आणि पुढचं सोपं जाईल.

आणि चालू कुणी करायचा? तुम्ही. थर्मास तुम्हीच भरून देता ना? तो हँडलला अडकवायला तुम्ही अंगणापर्यंत जाता तेव्हा मागचं बटण दाबून टाका. काही बोलायचं नाही. सुनेनं सासऱ्याला सांगणं आपल्याकडं अवघड, पण सायकल तयार करून देणं घरातल्या कामातच धरलं जातं. परतीच्या वेळी त्यांनी लावला नाही असं पहिले काही दिवस होईल. होऊ दे.

मालक म्हणतात मागून ठोकणाऱ्याचीच चूक. बऱ्याचदा ते बरोबर असतं. सायकल ही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं मोटार वाहन नाही, त्यामुळं दिवा नाही म्हणून आरटीओ तात्यांना विचारायला येत नाही. पण नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो तेव्हा विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच टाकतो की सायकलीला दिवा होता का, आणि जखमी माणसाचीही काही अंशी चूक ठरली तर भरपाई तेवढ्या प्रमाणात कापली जाते. रात्रीच्या अपघातात ठोकणारा थांबतोच असंही नाही. गाडीचा पत्ताच लागला नाही तर सरकारी योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात, २०२२ पासूनचे हे आकडे. चूक कुणाची हे ठरवून त्यातून काय हाती लागतं ते यावरून मालकांना कळेल.

दिव्याचं काम झालं की निवांतपणे, वेगळा विषय म्हणून, तात्यांचे डोळे तपासून घ्या. घरातल्या कुणाला तरी मिरजेला दवाखान्यात जावंच लागतं, त्याच फेरीत. साठी ओलांडलेल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानानं साधारण एक-तृतीयांशच उजेड पोचतो. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या झोतानं सगळं धुकटून जातं. दिवसा पेपर वाचता येतो म्हणून रात्रीचं सगळं ठीक आहे असं होत नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून आलेलं बरं.

शेवटी, फेऱ्या कमी करता येतील का तेही बघा. मोबाइलवरून चालणारा स्टार्टर आता गावोगाव दिसतो, घरबसल्या फोन केला की मोटर चालू-बंद होते. (नुसता ऑटो स्विच टाकू नका, लाइट आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो, म्हणून महावितरण त्याला विरोध करतं आणि कपॅसिटर बसवायला सांगतं.) दारं धरायला मात्र माणूस लागतोच. ठिबक केलंत तर तेही नाही, पण तीन एकराच्या ठिबकाचा खर्च एका सायकल-दिव्याच्या पत्रात सुचवणं बरं नाही, ते तुम्ही घरात बसून ठरवा. दिवसा वीज देण्यासाठी सरकारनं सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून चालवली आहे. तुमच्या फिडरचा नंबर कधी लागणार हे महावितरणच्या शाखेत एकदा विचारून या. तो लागला तर रात्री निघायचं कारणच उरणार नाही.

आणि एक काम मालकांसाठी. तात्यांनी दिवा लावावा असं म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या दोन्ही ट्रॉल्यांना मागं लाल रेडियम आहे का? ऊस भरल्यावर ते दिसतं का? नसेल तर तात्या तोंडावर विचारतील, आणि बरोबरच विचारतील. रेडियम आणायला जाल तेव्हा ट्रॉलीच्या मापाचंही घ्या. तिथं फळीवर लावलेलं उसाखाली झाकलं जातं, म्हणून मागच्या चॅसिसच्या आडव्या पट्टीवर, पूर्ण रुंदीला लावा.